विषय : नारळ देणेबाबत

काळुराम तरे निवृत्त होणार ही बातमी रत्नदीप खरातांना लाऊडस्पीकरवरून कळली, तेव्हा ते गॅलरीत उभे राहून भेंडी चिरत होते. भेंडी चिरायला गॅलरीत जावं लागत नाही, हे त्यांच्या पत्नीला, मेघनाला, ठाऊक होतं. पण जानेवारी ते मे या काळात दर शनिवार-रविवारी खरात जी घरकामं आपणहून अंगावर घेत, ती सगळी गॅलरीतच कशी होतात, हा प्रश्न तिने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एकदा विचारून कायमचा सोडून दिला होता. गॅलरीखाली पिंपळखार गावाचं मैदान होतं, आणि मैदानावर काळुराम असे.

वाचकांनी काळुराम तरे हे नाव ऐकलं नसेल, तर तो दोष वाचकांचा नाही, वर्तमानपत्रांचा आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडीच्या दोन्ही काठांना जे क्रिकेट खेळलं जातं, त्यात चेंडू टेनिसचा असतो, सामना सहा षटकांचा असतो आणि मालिकावीराला मोटरसायकल मिळते. काळुरामला अशा अकरा मोटरसायकली, तीन फ्रिज आणि एक बैल मिळाला होता. त्यांपैकी बैल सर्वांत जास्त टिकला. बाप मिठागरावर फावडं मारायचा. मुलाने तेच फावडं आडवं फिरवायला सुरुवात केली, असं गावात म्हणत. डावखुरा, पोट थोडं पुढे, धावण्याची मनापासून नावड. धावायला लागू नये म्हणूनच तो शिक्सर मारतो, असं खरातांचं निरीक्षण होतं, आणि त्यात टीकेचा सूर नव्हता.

खरात ठाण्याला खोपटच्या बाजूला एका विमा कंपनीच्या दावे विभागात होते. डोंबिवलीच्या कडेला प्राजक्त सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर ते राहायला आले, त्याला चोवीस वर्षं झाली. या चोवीस वर्षांत त्यांनी काळुरामचा या मैदानावरचा एक चेंडू चुकवला नव्हता. बाहेरगावच्या मैदानांवर जाऊन पाहिले ते वेगळे. मात्र या काळात ते काळुरामशी एक शब्दही बोलले नव्हते. एकदा भाजी बाजारात तो त्यांच्या पुढेच उभा होता. त्याने मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. खरातांनीही घेतल्या. घरात मेथी कोणी खात नाही, हे त्यांना जिना चढताना आठवलं.

तर लाऊडस्पीकरवरून गावच्या क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष दिपेश सांगत होता, की खाडीकिनारा चषकाचा अंतिम सामना ही आपल्या लाडक्या काळूदादाची निरोपाची मॅच असेल, तरी सर्वांनी प्रचंड संख्येने उपस्थित राहावं. खरातांचं बोट कापलं. भेंडी फेकून द्यावी लागली. त्या दुपारी ते जेवले, पण कसे जेवले हे त्यांना सांगता येईना. अठ्ठेचाळीस हे काय जाण्याचं वय आहे, असं ते मेघनाला दोनदा म्हणाले. ते स्वतः बावन्न वर्षांचे होते, आणि वयाने चार वर्षांनी लहान असलेल्या माणसाला मनातल्या मनात ‘काळूदादा’ म्हणत होते.

संध्याकाळपर्यंत त्यांचं ठरलं. सामन्याच्या आधी पाच मिनिटं मैदानात जायचं, एक शाल, एक पुस्तक आणि एक गुलाबाचं फूल द्यायचं, चोवीस वर्षांचं काय ते दोन वाक्यांत सांगायचं आणि परत यायचं. खरातांच्या घरी सत्कार म्हणजे फूल आणि पुस्तक, ही रीत त्यांच्या वडिलांपासूनची. काम अगदी छोटं होतं. त्यांनी ते कोणाला न सांगता केलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण त्यांनी ते सोसायटीचे सचिव नयन पेडणेकर यांना लिफ्टमध्ये सांगितलं. पेडणेकरांचं म्हणणं पडलं, की एकट्याने केलेला सत्कार हा सत्कार नसून ओळख काढणं असतं; सोसायटीतर्फे केला तर त्याला वजन येतं. म्हणून विषय रविवारच्या सभेत, गळक्या टाकीनंतर आणि पार्किंगच्या आधी, ऐनवेळचा म्हणून घेण्यात आला.

सत्कार कसा करावा यावर मराठी माणसाला जन्मतः मत असतं. शाल लोकरीची नको, मार्च आहे, माणूस घामाने मरेल, असं एकाचं म्हणणं. शाल ही पांघरायची नसून ठेवायची असते, असं दुसऱ्याचं. दुसऱ्या मजल्यावरच्या जागृती वहिनींनी, ज्यांच्या स्वयंपाकघराची काच काळुरामने तीन हंगामांत चार वेळा फोडली होती, त्याला शाल घाला पण माझ्या खिडकीला जाळी घाला, अशी उपसूचना मांडली. पुस्तकावर बराच वेळ गेला. काळुराम पुस्तक कधी वाचणार, असं कोणीतरी म्हणालं तेव्हा खरात इतके दुखावले, की त्यांनी सभेत पाणी मागितलं. तुमच्या घरात पुस्तकं आहेत ती तुम्ही कधी वाचता, असं त्यांना विचारायचं होतं. पण विचारणारे त्यांचे शेजारी होते आणि जिना एकच होता. शेवटी खाडीकाठच्या पक्ष्यांवरचं एक सचित्र पुस्तक मंजूर झालं. फूल संध्याकाळपर्यंत सुकतं म्हणून रद्द झालं; त्याच्या जागी काय, यावर तळमजल्यावरचे आबा टिपणीस उठले. आबा निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे ते उठले की बाकीचे आपोआप सरळ बसत. सत्काराला श्रीफळ नसेल तर तो सत्कार अपुरा, असं त्यांनी सांगितलं आणि ठरावाचा मसुदा जागच्या जागी तोंडी दिला: “शाल, श्रीफळ व ग्रंथ अर्पण करून यथोचित गौरव.” खरातांच्या घरी श्रीफळाचा प्रश्न येत नव्हता, पण सर्वानुमते होत असेल तर आपण अडवू नये, असा त्यांचा उदार स्वभाव होता. पुढे जे झालं ते या उदारपणाचंच फळ म्हणावं लागेल.

मैदान गावाचं, चषक मंडळाचा, म्हणून मंडळाकडे लेखी अर्ज करणं भाग होतं. सोसायटीचा पत्रव्यवहार पहिल्यापासून खरातच लिहीत, कारण त्यांचा मसुदा चांगला. आता सांगायला हरकत नाही, की गेल्या एकोणीस वर्षांत सोसायटीने मंडळाला जी सव्वीस पत्रं पाठवली, ती सगळी तक्रारींची होती आणि सगळी खरातांनीच लिहिली होती. काचा, लाऊडस्पीकर, दुपारी दोनच्या झोपेत येणारे चेंडू. आपल्याच दैवताविरुद्ध ते जड अंतःकरणाने आणि अचूक व्याकरणात लिहीत, खाली सही सचिवांची. गॅलरीत टाळ्या वाजवणारा आणि ‘सदर इसमास समज देण्यात यावी’ असं लिहिणारा माणूस एकच आहे, हे गावाला माहीत असायचं कारण नव्हतं.

सत्ताविसावं पत्र लिहायला खरात सोमवारी रात्रीचं जेवण उरकून बसले. दावे विभागात सव्वीस वर्षं काढल्यावर माणसाच्या हातून प्रेमपत्र निघालं तरी ते नामंजुरीसारखं वाचलं जातं. त्यात खरातांचं एक तत्त्व होतं. मराठी साधी लिहावी. आबांच्या मसुद्यातलं ‘श्रीफळ अर्पण’ त्यांना खुपलं. नारळाला नारळ म्हणण्यात कमीपणा कसला? शाल आणि पुस्तक हे तपशील त्यांनी परिशिष्टात टाकले, म्हणजे पत्र सुटसुटीत झालं. ते असं:

“विषय : श्री. काळुराम तरे यांना नारळ देणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमच्या संस्थेच्या सभेत सखोल चर्चेअंती असा ठराव एकमताने संमत झाला आहे की, श्री. तरे यांची प्रदीर्घ कारकीर्द लक्षात घेता त्यांना येत्या रविवारी, अंतिम सामन्यापूर्वी, सर्व प्रेक्षकांच्या समक्ष नारळ देण्यात यावा. तरी या कामी आपण पाच मिनिटांचा अवधी द्यावा. विलंब झाल्यास सर्वांचीच गैरसोय होईल, याची नोंद घ्यावी.”

परिशिष्ट जोडायचं राहिलं. परिशिष्ट न जोडल्याबद्दल खरातांनी आजवर किती लोकांचे दावे परत पाठवले होते, ते इथे काढायला नको. पेडणेकरांनी न वाचता सही केली, कारण खरातांचं पत्र वाचून सही करणं हा त्यांनी खरातांचा अपमान मानला. मंगळवारी सकाळी वॉचमन मारुतीने पत्र मंडळाच्या कार्यालयात पोचवून पोच आणली.

बुधवार शांततेत गेला. गुरुवारी टँकर आला नाही.

डोंबिवलीच्या या टोकाला नळाचं पाणी हा एक सांस्कृतिक कार्यक्रम असतो, कधी तरी होणारा. रोजचं पाणी टँकरने येतं आणि टँकर पिंपळखारचे. पेडणेकरांनी फोन केला तर पलीकडच्याने गाडी बिघडली असं सांगितलं, आणि सांगताना मागे कोणीतरी हसलं. गुरुवारी दुपारी केबल गेली. केबलही पिंपळखारची. शुक्रवारी सकाळी दूध आलं, पण एका मजल्याचं दुसऱ्या मजल्याला. आणि नऊ वाजता इस्त्रीवाल्या तुळसाबाईंनी सगळ्या इमारतीचे कपडे परत आणून दिले, व्यवस्थित घडी घातलेले आणि पूर्ण चुरगळलेले.

मेघनाने विचारलं, तेव्हा तुळसाबाई दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“वहिनी, आमच्या काळूला नारल देताव आनि इस्त्री आमच्याकडून करून घेताव?”

मेघनाने आत येऊन खरातांकडे पत्राची प्रत मागितली. ती शाळेत मराठी शिकवत होती. तिने पत्र एकदा वाचलं, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं.

“रत्नदीप, तुमच्या कंपनीत गेल्या वर्षी त्या कंत्राटी मुलांना काढलं, तेव्हा तू घरी येऊन काय म्हणाला होतास?”

“काय म्हणालो होतो? सगळ्यांना नारळ दिला म्हणून...”

खरात तिथेच, रिकाम्या बादलीवर, बसले. मराठी भाषेने त्यांना बावन्न वर्षं सांभाळलं होतं, आणि आता एका शब्दासाठी असा पाय ओढला होता. मग मेघना हसायला लागली, आणि हसताना तिने तोंडावर चुरगळलेला टॉवेल धरला, म्हणून ती हसते की रडते हे थोडा वेळ त्यांना कळलं नाही.

तासाभरात बाकीचं कळलं. दिपेशने पत्र मंडळाच्या ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवलं होतं. सव्वीस तक्रारींनंतर सत्ताविसावं पत्र कशाचं असणार, याबद्दल गावात कोणाला शंका आली नाही. एकोणीस वर्षं काचेवरून भांडले, आणि आता माणूस शेवटची मॅच खेळतोय तर तीही खेळू देत नाहीत, सगळ्या लोकांसमोर हाकला म्हणतात, वर पाच मिनिटं मागतात. गावातली पोरं सोसायटीवर यायला निघाली होती. त्यांना काळुरामनेच अडवलं. तो एवढंच म्हणाला, की नको असेल तर नाय खेळत. आणि घरात जाऊन बसला. रविवारी तो मैदानात उतरणार नव्हता.

पाण्याची टंचाई, केबल, इस्त्री यांच्यावर सोसायटीने संध्याकाळी तातडीची सभा घेतली. खरातांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: चोवीस वर्षं ज्या माणसाचा एक चेंडू चुकवला नाही, त्याची शेवटची मॅच आपल्या एका शब्दापायी बुडणार. पेडणेकर म्हणाले, मी सही केली पण मजकूर खरातांचा, तरी खरातांनीच जाऊन खुलासा करावा. हे एकमताने ठरलं. सोसायटीत इतक्या लवकर एकमत होण्याची ही महिन्यातली दुसरी वेळ होती. भाषेचा मुद्दा असल्यामुळे आबा टिपणीसांनी सोबत यायचं आपणहून कबूल केलं. खरातांनी त्यांना नको म्हणायला हवं होतं.

शनिवारी सकाळी दोघे गेले. काळुरामचं घर चार मजली, खालच्या तीन मजल्यांवर भाडेकरू, पण तो स्वतः अजून मागच्या जुन्या कौलारू घरातच राही. अंगणात मासे सुकत होते. काळुराम पडवीत पाय लांब करून बसला होता आणि गुडघ्याला तेल लावत होता. इतक्या जवळून खरातांनी त्याला मेथीनंतर पहिल्यांदाच पाहिलं. त्याची बायको मंजुळा उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. टँकर बंद करणाऱ्यांच्या घरचं पाणी पिताना खरातांना भरून आलं.

काय बोलायचं हे त्यांनी रात्रभर पाठ केलं होतं. पण सुरुवात आबांनी केली. आबांनी आधी सांगितलं, की नारळ हे आपल्याकडे मांगल्याचं प्रतीक आहे. इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांच्यातला मुख्याध्यापक जागा झाला आणि ‘नारळ देणे’ हा वाक्प्रचार कसा आला असावा, हे ते सोदाहरण सांगू लागले. पूर्वी चाकराला कामावरून काढताना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून मालक त्याच्या हातात नारळ ठेवत असावा. म्हणजे सन्मानही झाला आणि माणूसही गेला, अशी त्यातली खुबी. तेव्हा हा शब्द मुळात अपमानाचा नसून सभ्य हकालपट्टीचा आहे, असा निष्कर्ष काढून आबा पाणी प्यायला थांबले.

काळुरामने तेलाची बाटली बाजूला ठेवली.

“मंग तेच लिवलाय ना तुमी.”

मंजुळाने ताटातला एक खडा काढून अंगणात फेकला. तुम्ही निदान लिहून तरी दिलंत, असं ती म्हणाली. बाकीचे शाल घालून काढतात. खरातांना काही कळलं नाही. मग काळुरामच बोलला, त्यांच्याकडे न बघता, अंगणातल्या माशांकडे बघत.

“मी कवा बोललो, मी निवृत्त होतंय? मी टाकीवर पानी पीत होतो. स्पीकरवरून आयकला. दिपेश बोलला, दादा, तुमची शेवटची मॅच लावली की पब्लिक येल. पोस्टर पन छापला. आता नाय कसा बोलू? पोरगा हाय आपलाच. वर तुमचा कागद आयला. जातंय ना मी. जानाऱ्या मानसाला कनाला ढकलायचा?”

एवढं सगळं त्याने एका दमात, आवाज न चढवता सांगितलं, आणि खरातांचं पाठ केलेलं सगळं भाषण विरून गेलं. मी तुमचा चाहता आहे, हे वाक्य त्यांनी आजवर मनात हजार वेळा म्हटलं होतं. आता ते तोंडातून निघालं तेव्हा विम्याच्या जाहिरातीसारखं वाटलं. काळुरामने मान हलवली, जशी आपण जाहिरातीला हलवतो. पत्र कोणी लिहिलं, असं त्याने विचारलं. मी, खरात म्हणाले. आणि आधीची? तीही मीच. मंजुळाने निवडणं थांबवलं.

पुरावा म्हणून खरात डाव सांगू लागले. कुठल्या साली कोणासमोर किती, कोणत्या चेंडूवर कोणाच्या हातात. आबांना हे सगळं नवीन होतं, ते थक्क होऊन ऐकत राहिले. काळुराम मात्र मख्ख. असे लोक त्याला रोज भेटत. लग्नात, हळदीत, पेट्रोल पंपावर. शेवटी खरात दिव्याच्या मैदानावर आले, दोन हजार चार सालच्या अंतिम सामन्यावर. शेवटचं षटक.

“पाच बॉल पाच शिक्सर,” काळुराम कंटाळून म्हणाला. “आक्खा तालुका सांगतो.”

“चार,” खरात म्हणाले.

आबांनी त्यांच्या शर्टाची बाही ओढली. माणूस समजूत काढायला आला होता. पण हिशोब चुकीचा होता आणि खरात दावे विभागातले होते.

“चार षटकार आणि एक चौकार. तिसरा चेंडू एक टप्पा पडून गेला. पंच तुमच्या मेहुण्यांच्या गावचे होते, त्यांनी सहा दिले.”

“पाच,” काळुराम म्हणाला, आता सरळ बसून. “कागदावर पाच हायत.”

“कागदावर असतील, काळूदादा. टप्पा माझ्या बुटापाशी पडला. गटाराच्या बाजूला दोरी लावली होती, तिथे मी उभा होतो. चिखल उडाला पँटवर.”

“बूट कनचा होता?”

“तपकिरी. उजवा.”

पलीकडे कुठेतरी पंप सुरू झाला. मग काळुरामच्या खांद्यापासून काहीतरी हलायला लागलं. तो हसत होता. आवाज न करता, पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“मना म्हाईत होता,” तो म्हणाला. “बॅटीवरून निंगाला तवाच कलला होता, टप्पा पडनार. वीस वरसं झाली. सगली पाच बोलतान. मी पन पाच बोलतंय. कोन तरी चार बोलंल म्हनून वाट बघतंय.” मग मंजुळाकडे वळून, “चाय टाक गो. यो मानूस खराच बघतो.” आणि परत खरातांना, दबक्या आवाजात, “भाईर बोलू नका, साहेब.”

चहा झाला. परिशिष्ट खरातांनी खिशातून काढून दिलं. काळुरामने शाल आणि पुस्तकाची ती यादी वाचली आणि पक्ष्यांच्या पुस्तकात रोहित पक्षी आहेत का, एवढंच विचारलं. आहेत, खरात म्हणाले, पान अठ्ठेचाळीस ते बावन्न. दुपारी चार वाजता टँकर आला. पेडणेकरांनी ग्रुपवर त्याचं श्रेय सचिव म्हणून घेतलं, आणि खरातांनी ते घेऊ दिलं.

रविवारी काळुराम उतरला. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले, म्हणून सामन्यापूर्वीचा सत्कार सामन्यानंतर गेला, आणि गॅलरीत भेंडी नसतानाही उभा राहणारा माणूस त्या दिवशी प्रथमच खाली मांडवात, पुढच्या रांगेत, शालीची पिशवी मांडीवर घेऊन बसला. जवळून पाहिलं तर काळुराम गॅलरीतून दिसायचा तितका मोठा नव्हता. पण चेंडू बॅटवर बसल्याचा आवाज जवळून वेगळाच होता. खरातांना वाटलं, चोवीस वर्षं आपण हे मुकं पाहिलं. नऊ चेंडूंत एकवीस. दोन षटकार मांडवावरून गेले. तिसरा जायला हवा होता, पण त्याच्या निम्म्या वयाच्या एका मुलाने सीमारेषेवर उडी मारून तो उचलला. मागे पिंपळखारचे गडी एकामागून एक गेले आणि संघ तीन धावांनी हरला.

मग व्यासपीठ. पाहुण्यांनी एक शाल घातली, आजी नगरसेवकांनी दुसरी, माजी नगरसेवकांनी त्यावर तिसरी. दिपेशने काळुरामला फ्रेममधलं निरोपपत्र दिलं, त्यावर काळुरामपेक्षा दिपेशचा फोटो मोठा होता. मग त्याने पुकारलं, प्राजक्त सोसायटीतर्फे खरातसाहेब, काळूदादाला नारळ देतील. मैदानात हशा झाला. आता सगळ्यांना कळलेलं होतं, आणि गावात एखादी गोष्ट कळली की ती वर्षभर पुरते.

खरातांच्या खिशात दोन पानांचं भाषण होतं. दिपेश कानात म्हणाला, एक मिनिट. ते एक मिनिट त्यांनी काळुरामकडे पाहण्यात घालवलं. मग चौथी शाल घातली, पुस्तक दिलं, नारळ पुढे केला. काळुरामने शाल घेतली. पुस्तक काखेत दाबलं. नारळ मात्र त्याने डाव्या हातात घेतला, चेंडू तोलतात तसा तोलला, आणि उजव्या हाताने दिपेशच्या हातातला माईक काढून घेतला.

“शाल घेतली, पुस्तक पन घेतला,” तो म्हणाला. स्पीकर थोडा कुरकुरला. “ह्यो नारल नाय घेत. तीन रनांनी हारलो. हारून कोन घरी जातो? पुढल्या वरसी बघू.”

आणि माईक दिपेशकडे परत देऊन त्याने तो नारळ दोन्ही हातांनी, अगदी मानाने, खरातांच्या ओंजळीत परत ठेवला.

मग जो गोंधळ झाला त्यात दिपेशचं तोंड कसं झालं हे कोणाला नीट दिसलं नाही. निरोपपत्राची फ्रेम कोणी तरी खुर्चीवर ठेवली आणि त्यावर कोणी तरी बसलं. पोरं ढोल घेऊन व्यासपीठावर चढली. जागृती वहिनी मांडवाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी पेडणेकरांना जाळीचं काय झालं ते ताबडतोब विचारलं. आबा टिपणीस म्हणाले, नारळ परत करणे असा वाक्प्रचार भाषेत नाही, पण आता पाडायला हरकत नाही.

खरात एकटेच मैदानातून निघाले. दोन पानांचं भाषण खिशात तसंच होतं आणि ते म्हणायचं राहिलं याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. सोसायटीच्या फाटकाशी मारुती उभा होता. त्याला मैदानातलं काही दिसलं नव्हतं. त्याला एवढंच दिसलं, की साहेब सत्काराला गेले होते आणि परत येताना छातीशी नारळ धरून येतायत. तो हळहळला.

“काय साहेब, तुम्हालाच दिला?”

“हो,” खरात म्हणाले. “सगळ्यांसमोर.”

लिफ्ट खालीच उभी होती, पण ते जिन्याने गेले. नारळ मिळालेला माणूस दोन-दोन पायऱ्या चढताना मारुतीने त्याआधी पाहिला नव्हता.